मोरान मंकसारखं वाजवत नाही, मग ती मंकला मानवंदना कशी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही काही वर्षं पियानो शिकताय, ग्रेडच्या परीक्षा दिल्यात, आणि आता कॉलेजच्या कार्यक्रमात थेलोनियस मंक या अमेरिकन जॅझ पियानिस्टवर वीस मिनिटं वाजवायची आहेत. तयारी म्हणून जेसन मोरान या आत्ताच्या जॅझ पियानिस्टने मंकवर केलेला 'इन माय माइंड' हा कार्यक्रम ऐकलात आणि गोंधळलात, कारण ते तुम्हाला मंकसारखं वाटलंच नाही. मग ही मानवंदना कशी, आणि आपण मंकसारखं वाजवायचं की नाही, असं विचारलंयत.

माझं उत्तर सरळ आहे, मंकच्या चाली जशाच्या तशा शिकायच्या, अगदी एकेका सुरापर्यंत, आणि मंकच्या लकबी सोडून द्यायच्या. बहुतेक लोक बरोब्बर उलटं करतात. मीही केलंय. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या लाउंजमध्ये वाजवायचो तेव्हा मंकची ट्यून आली की मी मुद्दाम शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम ठोकायचो, मधेच थांबायचो, बोटं सपाट धरून वाजवायचो, लोकांना मजा यायची, टाळ्या पडायच्या. एकदा माझे सर ऐकायला आले आणि नंतर चहा पिताना एवढंच म्हणाले, "टोपी मंकची घातलीस, पण चाल कुठली वाजवलीस ती? पुलात दोन कॉर्ड चुकलेत." मंकच्या टोप्या प्रसिद्ध आहेत म्हणून तसं म्हणाले, आणि पूल म्हणजे ब्रिज, चालीचा मधला वेगळा भाग. घरी जाऊन रेकॉर्ड लावली, खरंच दोन कॉर्ड चुकले होते, आणि ते मी कित्येक महिने तसेच वाजवत होतो. त्या दिवसापासून मी मंक परत पहिल्यापासून शिकायला घेतला.

मंक म्हणजे मुळात काय ते आधी बघू. जन्म १० ऑक्टोबर १९१७, नॉर्थ कॅरोलायनातलं रॉकी माउंट. लहानपणीच आई न्यूयॉर्कला घेऊन आली, सॅन हुआन हिल नावाच्या वस्तीत वेस्ट ६३व्या रस्त्यावर घर. विशीच्या आत एका धर्मप्रचारक बाईंच्या फिरत्या ताफ्याबरोबर चर्चचं संगीत वाजवत दोनेक वर्षं गावोगाव हिंडला. मग १९४१ च्या सुमारास हार्लेममधल्या ११८व्या रस्त्यावरच्या मिन्टन्स प्लेहाउसचा पियानिस्ट, ड्रमवर केनी क्लार्क, आणि रात्री उशिरा ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी, गिटारवाला चार्ली ख्रिश्चन वगैरे मंडळी यायची. बीबॉप, म्हणजे तेव्हाचा नवा जॅझ, तिथे घडला असं आपण म्हणतो ते याच बैठकांमुळे. पण बीबॉप म्हटल्यावर जो सुसाट वेग आठवतो तो मंककडे नाहीच, तो वेग सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करचा आणि पियानिस्ट बड पॉवेलचा. मंकने त्या सगळ्यांना हार्मनी दिली आणि चाली दिल्या.

एक उदाहरण देतो, तुमच्या थिअरीच्या पुस्तकाशी ताडून बघा. सी, ई फ्लॅट, जी फ्लॅट, बी फ्लॅट या चार सुरांना पुस्तक सी हाफ डिमिनिश्ड म्हणतं. गिलेस्पीने सांगून ठेवलंय की हा कॉर्ड त्याला मंकने दाखवला, पण मंक त्याला मायनर सिक्स्थ म्हणायचा, फक्त सहावा सूर बेसला ठेवलेला, म्हणजे ई फ्लॅट मायनर सिक्स्थ, खाली सी. सूर तेच, नाव वेगळं, पण हात वेगळ्या ठिकाणी जातो, कारण तुम्ही घर ई फ्लॅट मायनरमध्ये धरता, सी मध्ये नाही. 'राउंड मिडनाइट' वाजवताना हे डोक्यात ठेवून बघा, ती चाल एकदम काळोखी होते.

त्याच्या चाली साधारण सत्तर, एवढ्याच. आणि हा आकडा लहान वाटला तरी प्रत्येक चाल म्हणजे एक स्वतंत्र यंत्र आहे, एक स्क्रू काढला तर बंद पडतं. 'थेलोनियस' घ्या, १९४७ मध्ये ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्ड केलेली. मेलडी जवळपास एकाच सुरावर आहे, बी फ्लॅट, परत परत बी फ्लॅट, आणि खालून हार्मनी सरकत राहते, त्यामुळे तोच सूर दर वेळी वेगळ्या रंगाचा लागतो. आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज स्थिर आणि वर राग फिरतो, इथे उलटं, वरचा सूर स्थिर आणि जमीन फिरते. 'एव्हिडन्स' म्हणजे 'जस्ट यू, जस्ट मी' या जुन्या गाण्याचा सांगाडा, त्यावर मंकने मेलडी म्हणून फक्त ठोके ठेवलेत, तेही बहुतेक बीटच्या बाजूला पडणारे, आणि ते ठोके एकदा अंगात बसले की मूळ गाणं न वाजताही ऐकू येतं. 'ब्रिलियंट कॉर्नर्स'मध्ये बारांचा, म्हणजे ठरावीक बीट्सच्या गटांचा, हिशोबच विचित्र, आठ, सात, सात, म्हणजे बावीस बारांचं आवर्तन, आणि एक आवर्तन संथ तर पुढचं दुप्पट लयीत. १९५६ मध्ये ती रेकॉर्ड करताना इतके टेक झाले की अखेर सलग एकही पूर्ण टेक मिळाला नाही, निर्माता ऑरिन कीपन्यूजने तुकडे जोडून ती पूर्ण केली. त्या सेशनला टेनर सॅक्सवर सनी रॉलिन्स होता, तोच रॉलिन्स १९७८ च्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवाला मुंबईत येऊन वाजवून गेला. माझे सर तेव्हा तिथे होते, त्या रात्रीबद्दल ते आयुष्यभर बोलत राहिले.

हे सगळं लोकांपर्यंत पोचायला फार वेळ लागला. १९५१ मध्ये एका अटकेनंतर मंकचं कॅबरे कार्ड काढून घेतलं, आणि त्या कार्डाशिवाय न्यूयॉर्कच्या दारू विकणाऱ्या क्लबात वाजवता यायचं नाही, म्हणजे जवळपास सहा वर्षं आपल्याच शहरात त्याला क्लबची दारं बंद. १९५७ मध्ये कार्ड परत मिळालं, मग फाइव्ह स्पॉट या क्लबात सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनला घेऊन महिनोन्महिने वाजवलं, आणि तेव्हा कुठे लोक रांगा लावायला लागले.

आता मोरानच्या मूळ मुद्द्याकडे. २८ फेब्रुवारी १९५९ ला मंकने न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये दहा जणांचा बँड घेऊन कॉन्सर्ट केली. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न, ट्यूबा, तीन सॅक्सोफोन आणि पियानो, बेस, ड्रम्स. अरेंजमेंट लिहिल्या हॉल ओव्हरटनने, हा ज्युलियार्डमध्ये शिकवणारा संगीतकार, पण राहायचा सिक्स्थ अॅव्हेन्यूवरच्या ८२१ नंबरच्या पडक्या इमारतीत, फुलबाजाराच्या भागात, आणि त्याच्या माळ्यावर दोन पियानो होते. मंक तिथे रात्री यायचा आणि दोघं बसून एकेक कॉर्ड ठरवायचे. आपल्या नशिबाने त्याच इमारतीत यूजीन स्मिथ हा फोटोग्राफर राहायचा, त्याने अख्ख्या इमारतीत माइक लावून ठेवलेले, १९५७ ते १९६५ मध्ये साधारण चार हजार तासांच्या टेप्स भरल्या. त्या टेप्सवर या कॉन्सर्टच्या तालमी आहेत! मंकचं बोलणं, चालणं, पियानोवर दाखवणं, सगळं.

त्या कॉन्सर्टमधला सगळ्यात अवघड भाग म्हणजे 'लिटल रूटी टूटी'. ही चाल मंकने आपल्या लहान मुलाच्या टोपणनावावरून केली, त्यात आगगाडीची शिट्टी आहे, तीन कर्कश कॉर्ड. १९५२ मध्ये त्याने ती ट्रिओत, म्हणजे तिघांच्या बँडमध्ये, रेकॉर्ड केली तेव्हा जो पियानो सोलो त्या क्षणी सुचेल तसा वाजवला होता, तोच ओव्हरटनने उतरवून घेऊन पूर्ण बँडला वाटून दिला. म्हणजे दोन हातांतून उत्स्फूर्त निघालेलं ट्यूबा आणि फ्रेंच हॉर्नने तालात वाजवायचं. ते ऐकाल तेव्हा कळेल की मंकचा सोलो हाही रचनाच होता, उगाच फिरवलेली बोटं नव्हती.

मोरानला ड्यूक विद्यापीठाच्या कार्यक्रमासाठी याच कॉन्सर्टवर काम करायला सांगितलं गेलं, पहिला प्रयोग २००७ मध्ये झाला, आणि मग पन्नास वर्षं पूर्ण होताना २००९ च्या फेब्रुवारीत तो टाउन हॉललाच आला. आणि बघा काय योग, आदल्याच रात्री चार्ल्स टॉलिव्हर या ट्रम्पेटवाल्याने त्याच मंचावर तीच १९५९ ची कॉन्सर्ट दहा जणांचा बँड घेऊन मूळ स्वरूपात सादर केली होती. लागोपाठ दोन रात्री, एकाच गोष्टीला दोन वेगळे नमस्कार. मला दोन्ही हवेत. टॉलिव्हरच्या पद्धतीने ती अरेंजमेंट हवेत जिवंत ऐकायला मिळते, पितळी वाद्यांचा भार अंगावर येतो, रेकॉर्डवर तो कधीच येत नाही. पण दर वर्षी प्रत्येकाने तेच केलं तर मंक काचेच्या कपाटात जाईल, आणि मोरानला नेमकी हीच भीती वाटली असावी असं मला त्याचं काम ऐकून वाटतं.

म्हणून मोरानने काय केलं तर तो मुळाशी गेला. टेप्स ऐकल्या. मंकची पावलं त्या लाकडी जमिनीवर वाजतात, तो आवाज त्याने कापून घेतला, परत परत फिरवला आणि त्या ठेक्यावर बँडला वाजवायला लावलं. मंक वाजवता वाजवता उठून गोल गोल नाचायचा, लोक त्याला विक्षिप्तपणा म्हणायचे, मोरानने दाखवलं की तो ताल होता. नॉर्थ कॅरोलायनातल्या ज्या मळ्यावर मंकचे पूर्वज गुलाम म्हणून राबले तिथे तो स्वतः गेला, आणि तो प्रवासही कार्यक्रमात व्हिडिओतून आणला. एके ठिकाणी तो कानाला हेडफोन लावून मंकची 'थेलोनियस' ऐकतो आणि सगळ्यांसमोर तिच्याबरोबर वाजवतो, म्हणजे आपण सगळे घरी जे करतो तेच मंचावर, न लपवता. मला हा भाग सगळ्यात जास्त भिडतो. गुरू हयात नाही, रेकॉर्ड आहे, आणि शिष्य कानाला लावून बसलाय.

बँडही त्याने दहाचा न घेता आठांचा घेतला, त्यात बेसवर टॅरस मटीन आणि ड्रम्सवर नशीट वेट्स हे त्याचे रोजचे सोबती, म्हणजे जो आवाज त्याचा स्वतःचा होता त्यातूनच मंककडे गेला. आणि हे वरवरचं नाही, मोरानच्या बाबतीत मंक घरातलाच आहे. ह्यूस्टनमध्ये वाढला, तेरा-चौदा वर्षांचा असताना पियानोचा कंटाळा आला होता, आणि एके दिवशी घरी टीव्हीवर विमान अपघाताची बातमी चालू होती, त्यात कुटुंबाच्या ओळखीचे काँग्रेसमन मिकी लेलँड गेले होते, आईवडिलांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता आणि 'राउंड मिडनाइट' लावलेली होती. तिथून त्याला पियानो परत हवासा वाटला असं तो स्वतः सांगतो. पुढे न्यूयॉर्कला जाकी बायर्डकडे शिकला, बायर्ड म्हणजे स्ट्राइड या जुन्या पियानो शैलीपासून चौकट मोडणाऱ्या फ्री जॅझपर्यंत सगळं एकाच हातात बाळगणारा माणूस. तेव्हा मोरान मंकसारखं वाजवू शकत नाही म्हणून वेगळं वाजवतो असं कृपया समजू नका. त्याला येतं, आणि तरी तो दुसरं वाजवतो.

तुम्हाला हे मंकसारखं वाटलं नाही कारण तुम्ही कानाने मंकचा टच शोधत होतात. आता परत ऐका आणि टच सोडून फक्त चाल शोधा. ती सगळीकडे आहे, कधी बेसमध्ये, कधी नुसत्या लयीत.

आता तुमच्या वीस मिनिटांचं. पहिली गोष्ट, बाजारात मिळणाऱ्या चालींच्या जाड पुस्तकावरून मंक शिकू नका. त्यातले कॉर्ड बरेचदा मंकचे नसतात, दुसऱ्या कुणीतरी वाजवलेले वापरून वापरून रूढ झालेले असतात, 'राउंड मिडनाइट'चं तर हे ठरलेलंच आहे. मंकची स्वतःची रेकॉर्ड घ्या, शक्यतो सोलो पियानोची, आणि आधी बेस उतरवा, मग वरची मेलडी, मग मधले सूर. मधले सूर फार कमी असतात हे तुमच्या लक्षात येईल, डाव्या हातात अनेकदा नुसता मूळ सूर आणि सातवा, बस. माझे विद्यार्थी इथेच चुकतात, रिकामी जागा दिसली की कॉर्ड भरतात, कारण परीक्षेने त्यांना भरायला शिकवलंय.

दुसरं, पाय. सॅक्सोफोनवाला स्टीव्ह लेसी १९६० मध्ये मंकच्या बँडमध्ये होता, त्याने मंकचे सल्ले एका कागदावर लिहून ठेवलेत, त्यात हेच आहे की पाय आपटत राहा आणि वाजवताना मनात मेलडी गात राहा, ड्रमर नसलास म्हणून ताल सांभाळायची जबाबदारी संपत नाही. हे अक्षरशः पाळा. मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर लावून 'एव्हिडन्स' नुसती तोंडाने म्हणा, पियानोला हात न लावता, आठवडाभर. मी अतिशयोक्ती करत नाहीये, एक आठवडा. लय तोंडात बसली की बोटं दोन दिवसांत येतात, उलट केलं तर महिना जातो आणि तरी ठोके घसरतात.

मग येतो तो शेजारच्या दोन पट्ट्यांचा विषय, ज्याने मी फसलो होतो. मंक ते विनोद म्हणून करत नव्हता. पियानोवर मींड घेता येत नाही, पट्टी दाबली की सूर ठरला. मंक काय करायचा, दोन लागून असलेल्या पट्ट्या एकदम दाबायचा आणि त्यातली एक लगेच सोडायचा, दुसरी धरून ठेवायची, की कानाला सूर वाकल्यासारखा वाटतो, ब्लूज गाणारा गळा जसा सुराला बाजूने येऊन लागतो तसा. तुम्ही मराठी घरात वाढलाय, मींड काय ते तुम्हाला सांगायला नको, कानात ती आहेच. करून बघा, आधी अगदी हळू, आणि कुठली पट्टी सोडायची ते दर वेळी ठरवून. एकदा हे कळलं की मग ते कुठे वापरायचं आणि कुठे नाही हे आपोआप कळतं, आणि बहुतेक ठिकाणी नाही वापरायचं.

सोलो घेताना चाल सोडू नका. बीबॉप शिकवताना आम्ही कॉर्ड बघून ओळी रचायला शिकवतो, मंकच्या ट्यूनवर ते केलं की ती कुठलीही ट्यून होते. 'ब्लू मंक' बारा बारांचा बी फ्लॅट ब्लूज आहे, तुम्हाला जमेल, पण पहिली तीन-चार आवर्तनं फक्त मेलडीचेच तुकडे घेऊन वाजवा, एक तुकडा पुढे ढकला, एक गाळा, एक खालच्या सप्तकात टाका. ख्यालात बंदिशीचा मुखडा धरून जसं परत परत येतात तसं, समेवर आल्याचं समाधान ऐकणाऱ्याला मिळालं पाहिजे.

आणि यात तुमचं काय, हा भाग मोरानकडून शिका. त्याच्याकडे टेप होत्या, मळा होता. तुमच्याकडे ते नाही, आणि उगाच त्या मातीचं ओझं खांद्यावर घेऊन गुलामगिरीबद्दल निवेदन वगैरे करू नका, ते त्याचं होतं, त्याच्या घरातलं होतं. तुम्ही मंक पहिल्यांदा कुठे ऐकलात, कुणी ऐकवला, ती गोष्ट दोन वाक्यांत सांगा आणि वाजवायला बसा. कुणी म्हणेल की थोडा तबला घाला, राग घाला. मी नको म्हणेन, निदान या वेळी, कारण तुम्हाला अजून चाली पूर्ण माहीत नाहीत आणि मिश्रण करायला दोन्ही बाजू पक्क्या लागतात.

ऐकायला थोडंसं सांगतो, फार नाही. पियानिस्ट फ्रँक किम्ब्रोने २०१८ मध्ये मंकच्या सगळ्या सत्तर चाली चौकडीत रेकॉर्ड केल्या, कुठेही नक्कल नाही आणि एकही चाल बिघडवलेली नाही, हे मी रोज ऐकतो. त्याच वर्षी माइल्स ओकाझाकीने तेच एकट्या गिटारवर केलं, पियानोवाल्यांनी मुद्दाम ऐकावं, कारण पियानोचा टच काढून घेतल्यावर काय उरतं ते त्यात दिसतं. आणि स्फिअर नावाचा बँड, मंकच्या मधल्या नावाचाच, त्यात मंकचे जुने सोबती चार्ली राउझ आणि बेन रायली, पियानोवर केनी बॅरन. त्यांनी मंकच्या चालींची पहिली रेकॉर्ड स्टुडिओत केली ती १७ फेब्रुवारी १९८२ ला, आणि मंक गेला तो त्याच दिवशी. हे कळल्यापासून ती रेकॉर्ड मी कधी कामं करता करता ऐकू शकलो नाही, बसूनच ऐकतो.

कार्यक्रमाचा क्रम विचारलात तर 'ब्लू मंक'ने सुरुवात, हात मोकळे होतील आणि लोकही बसतील. मग 'थेलोनियस', सोलो छोटा, मेलडी जास्त. मग 'राउंड मिडनाइट', एकट्याने, सावकाश, घाई झाली तर एक आवर्तन कमी करा पण लय वाढवू नका. 'लिटल रूटी टूटी' या वर्षी नको, हाताला जड आहे. शेवटी 'क्रेपस्क्युल विथ नेली', ही त्याने बायकोसाठी केलेली चाल, आणि हिच्यावर सोलो घ्यायचा नसतो, मंक स्वतः घेत नव्हता, लिहिलंय तेवढंच वाजवायचं. तुम्हाला वाटेल इतकी छोटी गोष्ट शेवटी ठेवली तर लोकांना अर्धवट वाटेल, नाही वाटत. शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत पेडल धरून ठेवा, हात उचलायची घाई नको, आणि मग उठा.

तालमीचं रेकॉर्डिंग जमलं तर पाठवा, फोन पियानोच्या डाव्या बाजूला ठेवून करा, मला 'थेलोनियस'मधला बेस ऐकायचाय.